एजंटांच्या बजेट-रिझर्व्हेशन टूलचं डॉक्युमेंटेशन: पहिल्या पानावर काय लिहावं?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. जळगावात बसून आम्ही तिघं-चौघं एक छोटं ओपन सोर्स टूल करतोय. एआय एजंटानं (स्वतःहून पायरी-पायरीनं काम करणाऱ्या प्रोग्रामनं) मॉडेलला कॉल करण्याआधी, म्हणजे एआयला प्रश्न पाठवण्याआधी, त्या कॉलचा जास्तीत जास्त खर्च बजेटमधून धरून ठेवायचा, कॉल झाला की खरा खर्च नोंदवायचा, उरलेले पैसे सोडून द्यायचे. क्रिया तीनच: रिझर्व्ह, कमिट, रिलीज. कोड चालतोय, टेस्ट पास होतायत. गाडी अडलीय ती डॉक्युमेंटेशनपाशी.

सहकारी म्हणतो, तीन फंक्शनं, त्यांचे पॅरामीटर, एक उदाहरण, झालं काम. मला ते पटत नाही, पण त्याऐवजी काय हवं तेही नेमकं सांगता येत नाहीये. पहिल्या पानावर तुम्हाला काय वाचायला आवडेल? आणि वाचणारा कोण धरू? डेव्हलपर, पैसे मंजूर करणारा मालक, की खुद्द एजंट?

कळण्याची_भाकरी
मुळात टूल लागतंच कशाला? महिन्याची मर्यादा प्रोव्हायडरच्या (मॉडेल पुरवणाऱ्या कंपनीच्या) डॅशबोर्डवर लावता येते की. खोचक नाही हं, खरंच विचारतेय.

तापीकाठ
@कळण्याची_भाकरी, रास्त प्रश्न ताई. ती मर्यादा अख्ख्या खात्याला किंवा प्रोजेक्टला लागते. आमच्याकडे एका कामाला १०० रुपये, दुसऱ्याला ४० असं असतं, आणि एका कामावर एकाच वेळी वीस एजंट चालतात.

मॉडेलचं बिल टोकनांवर, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर, लागतं. समजा इनपुटचा, म्हणजे पाठवलेल्या मजकुराचा, दर १० लाख टोकनांना २५० रुपये, आउटपुटचा, म्हणजे उत्तराचा, १,२५०. (आकडे उदाहरणापुरते.) एजंट २०,००० टोकन पाठवतोय, म्हणजे ५ रुपये. उत्तराची कमाल मर्यादा ४,००० टोकन, म्हणजे आणखी ५. एका कॉलचा वरचा अंदाज १० रुपये. आता वीसही एजंटांनी एकाच क्षणी शिल्लक बघितली. प्रत्येकाला १०० दिसले, प्रत्येकजण म्हणाला "आहेत की", आणि सुटला. बिल २०० पर्यंत जाऊ शकतं. कुणीच नियम मोडलेला नाही.

रिझर्व्ह केलं तर पहिल्या दहांना १०-१० रुपये मिळतात, अकराव्याला थांबावं लागतं. एखाद्याचं उत्तर ८०० टोकनांतच आटोपलं तर खरा खर्च ६ रुपये. ४ सुटले, ते पुढच्याला. तपासणं आणि धरणं ही एकाच दमात, मधे कुणाला शिरू न देता झाली पाहिजेत, बस.

भुसावळ_जंक्शन
हेच पहिल्या पानावर चिकटवा. धागा संपला :)

निवांत_धुळेकर
संपला कसा? आत्ता तर रंग भरतोय.

मालक लोकांसाठी एक परिच्छेद हवा. त्यांना "अस्बा"सारखं म्हटलं की लगेच कळतं. आयपीओला अर्ज केला की पैसे खात्यातून जात नाहीत, ब्लॉक होतात. शेअर लागले तेवढ्याचे कापले जातात, बाकीचे मोकळे. सेबीनं ही सोय २००८ मध्ये आणली, २०१६ पासून सगळ्यांना सक्तीची केली. आमच्या धुळ्यात चहाच्या टपरीवर आयपीओची चर्चा चालते, त्यामुळे "ब्लॉक झाले पण गेले नाहीत" हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अर्थविभाग_निवृत्त
तापीकाठ भाऊ, तुमचं सॉफ्टवेअर मला कळत नाही, पण दुखणं ओळखीचं आहे. नोकरी जिल्हा परिषदेच्या अर्थ विभागात गेली.

सरकारी कार्यालयात बीम्स प्रणाली असते. तरतूद किती, वितरित किती हे तिच्यात दिसतं, आणि तिच्यावरून ऑथोरायझेशन स्लिप निघाल्याशिवाय बिल कोषागारात जात नाही. ते झालं धरणं आणि सोडणं. आमच्याकडे जास्त छळायचं ते दायित्व. काम मंजूर झालं, कार्यारंभ आदेश निघाला, पण बिल अजून आलेलं नाही, तो आकडा म्हणजे दायित्व. नवीन वर्षाचा निधी आला की आधी दायित्व वजा करायचं, आणि उरेल त्याच्या दीडपट कामांचं नियोजन करायचं. नवा सदस्य हमखास विचारायचा, "साहेब, हातात शंभर असताना दीडशेची कामं कशी धरता?" तर धरलेली सगळी कामं त्याच वर्षी पैसे मागत नाहीत. काही जागेच्या वादात अडकतात, काही निविदेतच कमी दरानं जातात.

तुमच्या उदाहरणात १० धरून ६ खर्च झाले. मग शंभरावर दहाच एजंट का सोडता? आमच्या हिशेबानं पंधरा सोडायला हरकत नाही. पण हा दीडपट आकडा कुणी ठरवला आणि अंगाशी आला तर जबाबदार कोण, हे कागदावर पाहिजे. आमच्याकडे तेच नसायचं.

सातपुडा_देव
आप्पा, दंडवत! याला आम्ही ओव्हरकमिट म्हणतो आणि तो शोधल्याचा आव आणतो. जिल्हा परिषद वर्षानुवर्षं करतेय.

@तापीकाठ, तुमच्या टूलमध्ये हा गुणक आहे का? नसेल तर डॉक्युमेंटेशनमध्ये "नाही" असं स्पष्ट लिहा. असेल तर मूळ सेटिंग १ ठेवा. दीडपट करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं करावं.

तापीकाठ
गुणक नाही. "नाही" असं लिहायचं मात्र डोक्यात आलं नव्हतं. नोंदलं.

खापरावरचे_मांडे
हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी ठरते. वीसजण "येतोच" म्हणतात, वांगी वीसजणांची भाजली जातात, येतात बारा. ही रिझर्व्ह, ही कमिट. उरलेलं भरीत रिलीज करता येत नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळण्याच्या भाकरीबरोबर आपल्यालाच कमिट करावं लागतं.

कळण्याची_भाकरी
माझं नाव कुठेही ओढा तुम्ही!

मेहरूणची_बोरं
उपमा आता पुरे, लोकहो. डॉक्युमेंटेशन लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावते.

डॅनिएले प्रोचिडा यांची डायटॅक्सिस नावाची मांडणी आहे: शिकवणारं, कामाची कृती सांगणारं, संदर्भासाठीचं आणि समजावणारं, असं लेखन वेगवेगळं ठेवा. तुमचा सहकारी म्हणतोय तो फक्त संदर्भ. तोही लागतोच, त्याला मोडीत काढू नका. पण तुमच्या बाबतीत एक वाचक असा आहे की जो ही चारही दालनं फिरत बसणार नाही, आणि तो म्हणजे एजंट.

एजंट काय वाचतो? टूलचं वर्णन आणि टूलकडून येणारा एरर. बाकी तुमची सुंदर वेबसाइट त्याच्या गावीही नसते. एमसीपी सर्व्हर म्हणून (एआयला बाहेरची टूलं जोडायच्या ठरलेल्या पद्धतीनं) टूल जोडलं की वर्णन थेट मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते वाचतं त्या मजकुरात, जातं, तेही दर कॉलला. तुमचेच दर घेते: वर्णन १,५०० टोकनांचं, एजंटानं ४० कॉल केले, तर ६०,००० टोकन, म्हणजे १५ रुपये. खर्च वाचवणाऱ्या टूलनं स्वतःची ओळख करून द्यायला १५ रुपये घेतले! कॅशिंगनं (तोच मजकूर पुन्हा पाठवला तर लागणाऱ्या कमी दरानं) कमी होईल, पण म्हणून पाल्हाळाला परवाना मिळत नाही. वर्णन पाच-सहा वाक्यांत बसवा.

आता एरर. "शिल्लक अपुरी" एवढंच आलं तर एजंट काय करेल? पुन्हा प्रयत्न करेल. मग अजून एकदा. प्रत्येक वेळी "मला पैसे का मिळत नाहीत" यावर विचार करायला मॉडेलचेच टोकन जाळेल. नकार दोन जातींचे असतात आणि ते वेगळे दिसले पाहिजेत:

पैसे आहेत पण दुसऱ्यांनी धरलेत, इतक्या सेकंदांनी पुन्हा विचार.
पैसे खरंच संपलेत, पुन्हा विचारू नकोस, झालेलं काम जतन कर, थांब, माणसाला कळव.

हे डॉक्युमेंटेशनच्या पानावर लिहून भागत नाही, एररच्या मजकुरात लिहावं लागतं. माझ्या मते तुमच्या टूलचं सर्वांत महत्त्वाचं डॉक्युमेंटेशन हेच, आणि ते आज तुमच्या सोर्स कोडमध्ये कुठेतरी घाईत लिहिलेल्या एका ओळीत पडलेलं असणार.

तापीकाठ
आत्ता उघडून बघितलं. "बजेट एक्सीडेड." पुढे पूर्णविरामही नाही.

खान्देशी_भो
काय भो, बठ्ठा धागा वाचा, माले एकच समजनं नही. एजंटनी रिझर्व्ह करंच नही ते? त्याले कोन अडाई?

सातपुडा_देव
@खान्देशी_भो, लाख मोलाचा प्रश्न भो. आणि याच ठिकाणी असल्या टूलांची डॉक्युमेंटेशनं गप्प बसतात.

रिझर्व्ह हे एजंटाच्या हातातलं टूल असेल तर तो ते वापरेल अशी आशा आहे, सक्ती नाही. लांब काम करता करता तो विसरतो, कधी "हा छोटा कॉल आहे" म्हणून सरळ पुढे जातो. सक्ती हवी तर मॉडेलकडे जाणारी वाटच एका गेटवेमधून, म्हणजे मधल्या नाक्यातून, न्यायची, मॉडेल वापरायची किल्ली गेटवेकडे ठेवायची, आणि रिझर्व्हेशनचा नंबर नसलेला कॉल तिथेच परत पाठवायचा. तापीकाठ, तुमचं टूल यातलं कोणतं?

तापीकाठ
सध्या पहिलं. हिशेब ठेवतं, अडवत नाही. गेटवेमागेही लावता येतं, पण तो तुकडा वापरणाऱ्यानं लिहायचा.

मेहरूणची_बोरं
मग ते पहिल्या पानावर. तळटीप नको, तिसरं पान नको. "हे टूल काय करत नाही" अशा मथळ्याखाली.

निवांत_धुळेकर
इथे मी असहमत. पहिल्याच पानावर "आमचं टूल अडवत नाही" लिहिलं तर वापरेल कोण? दुकानाच्या पाटीवर कुणी उणिवा लिहितं का?

सातपुडा_देव
पाटीवर नसेल लिहीत, पण हा माल पैशांच्या हिशेबाचा आहे. वाचणारा "बजेट" शब्द बघून गृहीत धरतो की जास्त खर्च होणारच नाही. त्याचं बिल आलं की तो तुमच्या गिटहबवर येऊन जे लिहील ते पाटीपेक्षा मोठ्या अक्षरात असेल.

मला याहून जास्त काळजी मुदतीची आहे. रिझर्व्हेशनला मुदत हवीच, नाहीतर मध्येच बंद पडलेला एजंट पैसे अडवून बसतो. समजा मुदत पाच मिनिटं. कॉल चालला सात मिनिटं. पाचव्या मिनिटाला धरलेले १० रुपये सुटले आणि दुसऱ्या एजंटानं उचलले. सातव्या मिनिटाला पहिला येतो आणि म्हणतो, "कमिट, ६ रुपये." आता?

नाकारलं तर तुमचं खातं स्वच्छ दिसेल आणि खोटं असेल, कारण प्रोव्हायडरनं ते ६ रुपये लावलेलेच आहेत. स्वीकारलं तर बजेट ओलांडलं जाऊ शकतं. माझं मत, स्वीकारायचं. झालेला खर्च नाकारण्याचा अधिकार हिशेबनिसाला नसतो. त्यावर "मुदतीनंतर" असा शिक्का मारा आणि शिल्लक उणे जाऊ द्या. शिवाय लांब चालणाऱ्या कामासाठी मुदत वाढवायची सोय द्या. टायगरबीटल या हिशेबाच्या डेटाबेसमध्ये असे धरून ठेवलेले व्यवहार असतात. त्यांना मुदत देता येते, नंतर ते पक्के करता येतात किंवा रद्द करता येतात. मुदत उलटली की पक्के करता येत नाहीत. त्यांचं ते बरोबर आहे, कारण तिथे पैसा त्यांच्याच वहीत हलतो. तुमचा पैसा दुसऱ्याच्या मीटरवर पळतोय, म्हणून नियम वेगळा.

निवांत_धुळेकर
शिल्लक उणे जाऊ दिली तर बजेट म्हणजे नुसती इच्छा झाली की.

अर्थविभाग_निवृत्त
धुळेकर, उणे शिल्लक लपवलेली असते तेव्हा घात होतो. दिसत असेल तर साहेब निदान विचारतो तरी.

भुसावळ_जंक्शन
अजून दोन गोष्टी गाडी सुटायच्या आत. एक, कमिट पाठवला, उत्तर आलं नाही, एजंटानं पुन्हा पाठवला. दोनदा ६ रुपये लागले का? प्रत्येक कमिटला स्वतःचा ओळख-क्रमांक द्या, तोच क्रमांक पुन्हा आला तर आधीचंच उत्तर परत करा, आणि उदाहरणाच्या कोडमध्ये तो क्रमांक दाखवा. लोक वर्णन वाचत नाहीत, उदाहरण कॉपी करतात. उदाहरणात नसलेली काळजी कुणीच घेत नाही.

दोन, पैसे पैशांत मोजू नका. तुमच्या दरानं एक टोकन ०.०२५ पैशाचं आहे. रुपयाचा दहालाखावा भाग हे एकक धरा, म्हणजे एक टोकन २५० एककं आणि अपूर्णांकाची कटकट गेली. एकक कोणतं ते प्रत्येक पॅरामीटरसमोर लिहा. नाहीतर कुणीतरी ५ रुपये म्हणून ५ लिहील आणि टूल त्याला एका टोकनापुरतेही पैसे देणार नाही.

खापरावरचे_मांडे
अवांतर: खान्देशात सॉफ्टवेअर म्हटलं की आमच्या अमळनेरचं नाव घेतल्याशिवाय धागा पूर्ण धरला जात नाही. विप्रोची सुरुवात १९४५ साली अमळनेरलाच, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स म्हणून. वनस्पती तूप करायचे. तेव्हा तापीकाठ, तुमचं टूल चाललं नाही तर तेलाच्या घाण्याचा पर्याय खुला आहे, उलट्या दिशेनं.

कळण्याची_भाकरी
शेअर घेऊन ठेवले असतील तुमच्याकडच्यांनी, म्हणून ही मिजास!

खापरावरचे_मांडे
आमच्या आजोबांनी शेतात विहीर खणली. तिला पाणीही लागलं नाही.

यावलकर_केळी
उशिरा आलो. मी शेतकऱ्यांचे मेसेज वाचून उत्तर देणाऱ्या एका प्रकल्पावर आहे, म्हणून एक भर.

रिझर्व्हचा आकडा काढताना लोक इनपुट टोकन मोजत नाहीत, अक्षरांवरून अंदाज बांधतात. चार अक्षरांना एक टोकन, हा ठोकताळा इंग्रजीचा. देवनागरीत बहुतेक टोकनायझर (मजकुराचे टोकन पाडणारे प्रोग्राम) तेवढ्याच मजकुराला बरेच जास्त टोकन लावतात. केळीवरच्या करप्याबद्दल मराठीत आलेला मेसेज आणि त्याचा इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून मोजून बघा, डोळे उघडतील. म्हणजे मराठी कामाचं रिझर्व्हेशन नेमानं कमी पडतं आणि कमिट धरलेल्यापेक्षा मोठा येतो. कमिट रिझर्व्हपेक्षा मोठा आला तर तुमचं टूल काय करतं, हे लिहा. आणि अंदाज बांधू नका, त्या त्या मॉडेलच्या टोकनायझरनं मोजा, हेही लिहा. विचार करून उत्तर देणाऱ्या मॉडेलांत तो न दिसणारा विचारही आउटपुटच्या दरानं लागतो, तोही वरच्या अंदाजात धरा.

दर मात्र डॉक्युमेंटेशनच्या मजकुरात नको. ते बदलतात. वेगळ्या फाइलमध्ये, तारखेसकट.

खान्देशी_भो
आनि अहिराणीना टोकन?

यावलकर_केळी
भो, अहिराणीत आलेल्या मेसेजला मॉडेल आधी हिंदी समजतं, मग गुजराती, मग माफी मागतं. तिन्हीचे पैसे लागतात.

तापीकाठ
मंडळी, धाग्यातलं घेऊन पहिल्या पानाचा कच्चा मसुदा टाकतोय. झोडपा.

"हे टूल खर्च होण्याआधी पैसे धरून ठेवतं. एकाच बजेटवर कितीही एजंट एकदम चालले तरी बजेटपेक्षा जास्त खर्च होत नाही.

हे टूल काय करत नाही: रिझर्व्ह न करता थेट मॉडेल गाठणाऱ्या एजंटाला ते अडवत नाही. अडवायचं असेल तर गेटवेमागे लावा. उपलब्ध बजेटपेक्षा जास्त रिझर्व्हेशन ते देत नाही. दीडपटीची सोय नाही.

काही बिघडलं तर: एजंट मध्येच बंद पडला तर धरलेले पैसे मुदत संपल्यावर सुटतात. मुदतीनंतर आलेला किंवा धरलेल्यापेक्षा मोठा कमिट स्वीकारला जातो, वेगळा दाखवला जातो, आणि शिल्लक उणे जाऊ शकते. तोच कमिट दोनदा आला तर एकदाच मोजला जातो.

नकार दोन प्रकारचे: थांबून पुन्हा विचार, किंवा काम थांबवून माणसाला कळव."

त्याखाली १०० रुपयांचं उदाहरण, आकड्यांसकट, कोडसकट. फंक्शनांची यादी दुसऱ्या पानावर. सहकाऱ्याला दाखवलं. म्हणाला, "यात टूल कमी आणि भानगडी जास्त आहेत." मी म्हटलं, टूल कोडमध्ये आहे.

सातपुडा_देव
पहिल्या परिच्छेदातलं दुसरं वाक्य तिसऱ्या परिच्छेदाशी भांडतंय. "जास्त खर्च होत नाही" म्हणता आणि खाली शिल्लक उणे जाते. वर "जास्त धरलं जात नाही" करा. तेवढंच वचन तुम्हाला पाळता येतं.

मेहरूणची_बोरं
+१. आणि "काही बिघडलं तर" मधल्या मुदतीचा आकडा लिहा. मूळ सेटिंग किती सेकंद? वाचणारा तोच शोधत येणार आहे.

निवांत_धुळेकर
बरं, "काय करत नाही" वाचून मला टूल टाकून द्यावंसं वाटलं नाही, एवढं कबूल करतो. अस्बाचा परिच्छेद मात्र गायब केलात!

तापीकाठ
मालकांसाठी वेगळं पान करतोय, तिथे अस्बा पहिल्याच ओळीत. वरचं वाक्य बदललं, मुदत ३०० सेकंद लिहिली.

अर्थविभाग_निवृत्त
मसुदा चांगला आहे. फक्त "माणसाला कळव" म्हणजे कोणत्या माणसाला? आणि तो रजेवर असला तर?

तापीकाठ
आप्पा, बजेट उघडतानाच जबाबदार माणसाचं नाव भरणं सक्तीचं करतो. आणि खाली प्रभारीचा रकाना.

अर्थविभाग_निवृत्त
प्रभारीला मंजुरीचे अधिकार किती रुपयांपर्यंत, तेही लिहा मग. नवीन धागा काढता का?